बंद डब्यातली बॅटरी

पाण्याखालचे फोटो काढतो म्हटलं की लोकांना समुद्र, प्रवाळ, रंगीत मासे आठवतात. माझं पाणी वेगळं आहे. पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत, नेवासा या भागांतल्या विहिरी, बोअर, जुन्या बारवा, शेततळी. कोणाची सबमर्सिबल मोटर अडीचशे फुटांवर अडकलेली असते. कोणाच्या बोअरचं केसिंग फाटून आत माती येत असते. कोणाला विहीर खोल करण्याआधी झरा नेमका कुठल्या कपारीतून येतो ते डोळ्यांनी बघायचं असतं. हिवरे बाजारसारख्या गावात शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी आहे, त्यामुळे तिथे मला काम नाही आणि त्याचा मला आनंदच आहे. पण बाकी नगर जिल्ह्यात बोअर इतके झाले आहेत की खाली काय चाललंय हे बघणारा माणूस लागतोच.

या कामात लोक कॅमेऱ्याबद्दल विचारतात, भाव विचारतात, किती फूट जातो ते विचारतात. बॅटरीबद्दल कोणी विचारत नाही. खरं तर माझी सगळ्यात जास्त काळजी तिच्याभोवती असते, आणि तीच इथे मांडायची आहे.

बोअरचा कॅमेरा तुलनेने सोपा. साडेसहा इंची बोअरमध्ये केबलला बांधलेला बोटभर कॅमेरा खाली जातो, त्याच्या तोंडाभोवती छोटे एलईडी असतात आणि त्यांना वीज वरून मिळते. बॅटरी जमिनीवर, पेटीत, माझ्या नजरेसमोर. पडद्यावर काळ्या पाषाणाची भिंत सरकत राहते, मध्येच मांजऱ्याचा मऊ थर येतो, गेरूची लाल पट्टी येते, एखाद्या फटीतून पाणी उसळताना दिसतं. बॅटरी तापली, फुगली, काहीही झालं तरी ती वर आहे, मोकळ्या हवेत आहे, आणि मी तिला लाथ मारून बाजूला करू शकतो. शक्य तिथे बॅटरी वरच ठेवावी, हे माझं पक्कं मत या कामातून झालं आहे.

उघड्या विहिरीत मात्र ते नेहमी जमत नाही. सात-आठ परस खोल विहिरीत पंपाचे पाइप असतात, जुन्या दोऱ्या असतात, भिंतीतून आलेली पिंपळाची मुळं असतात. तिथे लांब केबल गुंतते. पोहणारा माणूस हातात कॅमेरा घेऊन उतरतो, आणि कॅमेरा, दोन्ही दिवे, प्रत्येकाची बॅटरी, सगळं पाणबंद डब्यांत बसवून त्याच्याबरोबर खाली जातं. वीज आणि माणूस एकाच पाण्यात असतात आणि दोघांच्या मध्ये एक झाकण आणि एक रबरी रिंग असते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला बंद जागेतल्या हवेची भीती समजावून सांगावी लागत नाही. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवलं आणि मागाहून माणूस उतरला तर काय होतं, हे गावोगावच्या जुन्या माणसांना माहीत आहे. बऱ्याच दिवसांनी उपसायला काढलेल्या विहिरीत आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर खाली जायचं नाही, हा शहाणपणा आपल्या आजोबांचा. दिव्याचा डबा म्हणजे मुठीत मावणारी विहीरच आहे. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून तो इतका घट्ट केलेला असतो की आतला वायूही बाहेर जाऊ शकत नाही. घरातल्या टॉर्चमधला सेल बिघडला तर वायू फटींतून निघून जातो, फार तर वास येतो. पाणबंद डब्यात तोच वायू साठत जातो.

हा वायू येतो कुठून? जुन्या पद्धतीचे रिचार्जेबल सेल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल, अजून बऱ्याच दिव्यांमध्ये आणि फ्लॅशमध्ये वापरतात. एका सेलचा दाब १.२ व्होल्ट. चार सेल एकापाठोपाठ एक लावले की ४.८ व्होल्ट मिळतात. या चारांपैकी एक थोडा जुना, थोडा कमजोर असेल तर तो इतरांच्या आधी रिकामा होतो. दिवा मंद होतो पण बंद होत नाही, कारण उरलेले तीन सेल वीज पुढे ढकलतच असतात. ती वीज त्या रिकाम्या सेलमधूनही जाते आणि त्याला उलटा करते. धन टोक ऋण व्हायला लागतं आणि आत हायड्रोजन तयार होऊ लागतो. सेलमधला दाब वाढला की त्याची सुरक्षा झडप उघडते आणि हायड्रोजन डब्यात येतो.

हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही हायड्रोजन मिसळला तरी ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. डब्यात मोकळी जागा १०० मिलिलिटर धरली तर धोक्याला ४ मिलिलिटर हायड्रोजन पुरतो, म्हणजे एक चमचाही नाही. उलट्या झालेल्या सेलमधून एक अँपिअरचा प्रवाह मिनिटभर गेला तरी त्याहून जास्त वायू तयार होऊ शकतो. आणि ठिणगीसाठी काही वेगळं करावं लागत नाही. दिव्याचं बटण दाबलं की आत एक बारीक ठिणगी पडतेच.

म्हणून माझ्याकडे नियम आहे की दिवा पिवळा पडला की वर यायचं. ‘अजून पाच मिनिटं चालेल’ हे वाक्य मी पाण्यात उतरणाऱ्या कोणालाही बोलू देत नाही. सेल संच म्हणून राहतात, एकत्र विकत घेतलेले, एकत्र चार्ज केलेले, एकत्र वापरलेले. प्रत्येक सेलवर पक्क्या शाईने संचाची खूण असते. एक गेला तर त्याच्या जागी नवा घालत नाही, अख्खा संच त्या दिव्यातून बाद होतो आणि बाकीचे सेल घड्याळात किंवा रिमोटमध्ये जातात. त्यात कंजूषपणा करू नये. चार सेलची किंमत आणि एका माणसाचे डोळे यांची तुलना होत नाही.

पाथर्डीकडे एका वस्तीवर विहीर उपसणाऱ्या मंडळींनी मला एक दिवा आणून दाखवला होता. लेथवर ॲल्युमिनियमची नळी कातून, पुढे जाड ॲक्रिलिकची काच बसवून बनवलेला. काम सुबक होतं. दिवा खाली असताना बंद पडला, वर आणला तेव्हा काचेच्या आतून पाण्याची रेघ दिसत होती आणि नळी हाताला कोमट लागत होती. झाकण कोणाला फिरेना.

“दादा, तुमच्याकडं पाना असंल ना? आवळून बसलंय, जरा काढून द्या,” असं म्हणत त्यांच्यातल्या तात्यांनी दिवा मांडीवर धरला. काच त्यांच्या तोंडाकडे होती.

“तात्या, आधी तो खाली ठेवा. सावकाश. आणि सगळे मागं सरा.”

“एवढ्याशा नळीला काय व्हतंय?”

मी तो हातात घेतला, काच आणि झाकण दोन्ही माणसांपासून दुसरीकडे राहतील असा धरून दगडी बांधाच्या पलीकडे नेऊन ठेवला. झाकणाचं तोंड बांधाकडे. मग बांधाच्या आडून, हात लांब करून, लांब दांड्याच्या पान्याने अगदी थोडं थोडं झाकण सैल केलं. आधी सुईसारखा आवाज आला. मग झाकण सुटून दगडावर आपटलं आणि कडक, घशाला लागणारा वास पसरला. आत चार सेल होते, दोनांचं आवरण वेगळ्या रंगाचं होतं, आणि एकाच्या टोकाला हिरवट-पांढरा साका जमला होता. तात्या काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांच्या दुसऱ्या दिव्याचे सेलही काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “हेबी बघा.”

या घटनेत एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. असा डबा पाण्यात असताना जितका धोकादायक असतो त्याहून तो वर आल्यावर जास्त धोकादायक होतो. दर १० मीटर खोलीला, म्हणजे साधारण ३३ फुटांना, पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. तीन इंच व्यासाच्या झाकणावर १० मीटर खाली सुमारे ४५ किलोचा भार पडतो, ६० मीटरवर पावणेतीनशे किलोच्या आसपास. हा भार झाकणाला आत दाबून धरतो आणि रबरी रिंग अधिक घट्ट बसते. म्हणून पुष्कळदा गळती खोलात न होता वरच्या पाच-दहा फुटांतच होते, जिथे रिंगवर दाब कमी असतो. पण आत वायू साठला असेल तर खाली पाणी त्याला तोलून धरतं. डबा वर आला की बाहेरचा भार नाहीसा होतो आणि आतला तसाच राहतो. एकाच वातावरणाचा जादा दाब आत असला तरी तेच ४५ किलो आता झाकणाला बाहेर ढकलत असतात, आणि नेमका त्याच वेळी माणूस तोंडासमोर धरून ते उघडायला बघतो.

आपल्याकडे लेथवर दिवे आणि कॅमेऱ्याचे डबे बनवून घेण्याची पद्धत चांगली आहे. बाहेरून मागवलेला डबा परवडत नाही आणि नगरच्या औद्योगिक वसाहतीतले कारागीर उत्तम काम करतात. पण त्यांना सगळे पाणी आत न येण्याबद्दलच सांगतात. मी प्रत्येक वेळी एक छोटी स्प्रिंगची झडप मागतो, आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वायू बाहेर सोडणारी आणि बाहेरून पाणी मात्र आत न घेणारी. चांगल्या कंपन्यांच्या डायव्हिंग दिव्यांत अशी सोय असते. आटे कातून आधी बनवलेल्या डब्यातही ती बसवता येते. झडपेशिवाय बनवलेला बॅटरीचा डबा पाण्यात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. कारागिराने तसा आग्रह धरला तर गिऱ्हाईक नाही म्हणणार नाही.

आता बहुतेक दिवे आणि कॅमेरे लिथियम-आयनवर आले आहेत. १९९१ मध्ये हे सेल प्रथम बाजारात आले, आणि ज्या संशोधनातून ते उभे राहिले त्याला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वजनाला हलके, भरपूर वीज साठवणारे. पाण्याखालचा उजेड त्यांच्यामुळे किती वाढला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पूर्वी गढूळ पाण्यात हातभर पुढचं दिसायचं नाही तिथे आता झऱ्याच्या तोंडाशी उडणारे वाळूचे कण दिसतात. पण त्या साठ्यालाच जपावं लागतं. या सेलचा पूर्ण भरलेला दाब ४.२ व्होल्ट. तो त्याच्या वर नेला, अडीच व्होल्टच्या खाली उतरवला, चेपला किंवा फार तापवला तर आतली रचना ढासळते. एकदा ती स्वतःच तापायला लागली की थांबवता येत नाही, उष्णतेने रासायनिक क्रिया आणि क्रियेने आणखी उष्णता असं चक्र सुरू होतं. सेल ज्वलनशील वायू ओकतो, त्यात विषारी वायूही असतात. मोकळ्या जागेत ही आग असते. पाणबंद डब्यात तिचाच स्फोट होतो.

माझ्याकडे येणारे अर्धेअधिक प्रश्न खोट्या सेलमुळे असतात. दंडगोल १८६५० आकाराचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, त्यात आजच्या तंत्राने साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवरच्या आसपास क्षमता बसते. त्याच आकाराच्या सेलवर ९९०० छापलेलं असेल तर ते खोटं आहे, दुसरं काही विचारायची गरज नाही. खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. नगरला सराफ बाजारात एका ओळखीच्या दुकानात मी नवे सेल घेऊन जातो आणि त्यांच्या तराजूवर एकेक तोलून घेतो. त्यांना आता सवय झाली आहे. तीस ग्रॅमचा सेल सापडला की तो तिथूनच परत जातो. संरक्षक पट्टी असलेले सेलच घ्यायचे, म्हणजे जास्त चार्ज, जास्त उपसा किंवा शॉर्ट झाला तर सेल स्वतःच प्रवाह तोडतो, आणि घेताना दिव्यात त्याची लांबी बसते का तेही बघायचं, कारण त्या पट्टीमुळे सेल दोन-चार मिलिमीटर लांब होतो. लोक मग ठोकून बसवतात. ते कधीही करू नये.

या जिल्ह्यातलं ऊन हा आणखी एक विषय. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या जीपच्या आत बॅटरी ठेवणं म्हणजे तिला भट्टीत ठेवणं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. म्हणून बॅटऱ्या पांढऱ्या थर्माकोलच्या खोक्यात, सीटखाली, सावलीत, आणि अर्ध्याच भरलेल्या. कामाच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज. महिनाभर काम नसेल तर निम्म्या चार्जवर थंड जागी ठेवायच्या, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या करून नाही.

चार्जिंगचं दुखणं गावात वेगळंच आहे. शेतीपंपाची थ्री फेज बरेचदा रात्री येते, दाब वर-खाली होतो, मध्येच लाइट जाते आणि येताना झटका देऊन येते. काम मोठं असलं की शेतकरी आग्रहाने थांबवून घेतो, “रात्री इथंच राहा भाऊ, चार्जिंगला लावून झोपा” म्हणतो. जेवायला मी राहतो, पण चार्जिंग लावून झोपत नाही. चार्जिंग माणूस जागा असतानाच, फरशीवर किंवा पत्र्यावर, कडबा, गोणपाट, अंथरूण यांच्यापासून लांब. सेल डब्यातून बाहेर काढूनच चार्ज करायचा, मग डब्याला चार्जिंगची पिन असली तरीही. ज्या डब्यांना बाहेरूनच चार्ज करावं लागतं त्यांचं झाकण किमान सैल सोडायचं. आणि पाण्यातून आलेली बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, ती कोरडी आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची.

२ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ नावाच्या डायव्हिंग बोटीला आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी असे ३४ जण गेले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला आगीचं नेमकं कारण ठरवता आलं नाही, पण ज्या शक्यता त्यांनी नोंदवल्या त्यांत रात्री कोणाचंही लक्ष नसताना चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या होत्या. कॅमेरे, दिवे, फोन, सगळे एकाच जागी. हे वाचल्यापासून मी वस्तीवर कोणाच्याही घरात रात्री सेल चार्जिंगला सोडले नाहीत. आपल्या घरांत माळे लाकडाचे असतात, शेजारच्या खोलीत लहान मुलं झोपलेली असतात.

आग लागलीच तर लोक म्हणतात लिथियमवर पाणी टाकू नका. लिथियम-आयन सेलच्या बाबतीत ते बरोबर नाही. त्याला भरपूर पाण्याने थंड करणंच उपयोगाचं असतं, कारण थंड होईपर्यंत शेजारचे सेल एकामागून एक पेट घेतात. वस्तीवर चार्जिंग करताना मी शेजारी भरलेली बादली ठेवतो, आणि धूर आला तर सगळ्यांना आधी बाहेर काढायचं हे घरच्यांना सांगून ठेवतो. त्या धुरात क्षणभरही उभं राहू नये.

रबरी रिंगबद्दल तारकर्लीला शिकलो. तिथे मालवणजवळ महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. डायव्हर मंडळी रोज संध्याकाळी सगळं सामान गोड्या पाण्यात बुडवून ठेवतात, मग रिंग काढून बोटांनी चाचपतात. एक केस, वाळूचा एक कण, कापसाचा एक धागा रिंगखाली राहिला की पाणी वाट काढतं. सिलिकॉन ग्रीस लावायचं ते रिंग ओलसर चमकेल एवढंच, थापायचं नाही, कारण जास्त ग्रीस धूळ धरतं आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. डबा उघडण्या-बंद करण्याचं काम मी विहिरीच्या कठड्यावर कधी करत नाही, ते घरून पूर्ण करून निघतो. त्याला दुसरंही कारण आहे. भर दुपारी दमट हवेत बंद केलेला डबा विहिरीच्या पंचवीस-सव्वीस अंशांच्या पाण्यात गेला की काचेला आतून वाफ धरते, आणि तो ओलावा सेलच्या टोकांवरही बसतो. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवली की हे टळतं.

कालव्याखालच्या पट्ट्यात, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या बाजूला, जमिनी खारावल्या तशा कित्येक विहिरींचं पाणी मचूळ झालं आहे. तिथे गळती झाली तर जास्त घाईने हालचाल करावी लागते. क्षार असलेलं पाणी वीज चांगली वाहून नेतं. सेलच्या दोन टोकांमध्ये ते आलं की पाण्याचंच विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच डब्यात तयार होतात, पेटायला बाहेरच्या हवेचीही गरज राहत नाही. पाणी शिरलेला दिवा चालू-बंद करून बघायचा नाही. तो वर आणायचा, माणसांपासून लांब उघड्यावर ठेवायचा, तोंड सगळ्यांपासून दुसरीकडे करून सैल करायचा. आतला लिथियम सेल वाळवून परत वापरायचा मोह धरायचा नाही, तो वरून कितीही चांगला दिसला तरी आत काय गंजलंय ते कळत नाही आणि तो दुसऱ्या दिवशीही पेटू शकतो.

बाद सेलचं पुढे काय करायचं हा प्रश्न राहतोच. केंद्र सरकारचे बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये आले आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. पण बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या सेलची जबाबदारी घ्यायला तालुक्याच्या ठिकाणी कोणी भेटत नाही. मी टोकांना चिकटपट्टी लावून ते लोखंडी बादलीत कोरड्या वाळूत ठेवतो आणि पुण्याला जाणं झालं की तिथे ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतो. आमच्या भागातला भंगारवाला पूर्वी असे सेल हातोडीने फोडून आतली पत्री काढायचा. त्याच्याजवळ बसून त्याला एक फुगलेला सेल दाखवला, आत काय असतं ते सांगितलं, आणि फोडून मिळणाऱ्या पैशांएवढे पैसे मी देईन असं कबूल केलं. आता तो मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्याही वेगळ्या काढून माझ्याकडेच आणून देतो.